शहर रिकामं, गावं भरलेली

भिवंडीत कारखाना चालू आहे की बंद, हे डोळ्यांनी पाहावं लागत नाही. शांतीनगर, गैबीनगर, नारपोली, पद्मानगर या भागातल्या कुठल्याही गल्लीत शिरा, मागांचा खडखडाट कानाआधी पायांना कळतो. जमीनच थरथरत असते. दर शुक्रवारी, आठवड्याच्या सुट्टीला, तो थांबतो. एप्रिल सरत आला की मात्र तो वेगळ्या तऱ्हेनं थांबायला लागतो. आज एका शेडमधले चार माग उभे, उद्या दहा, मग सगळी शेडच कुलूपबंद. कारागिरांना जेवू घालणाऱ्या बिशीतल्या पंगती आखूड होतात. कल्याणहून आणि कुर्ल्याहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा राहत नाही. ‘गोदान एक्सप्रेस’ हे नाव प्रेमचंदांच्या कादंबरीवरून आलेलं. आझमगड, मऊवरून जाणारी ही गाडी भिवंडीत घराघरांत माहीत आहे, कारण उन्हाळ्यात अर्धी भिवंडी तिच्यासारख्या गाड्यांतूनच निघून जाते.

त्याच आठवड्यांत शहराच्या भोवतालची गावं भरू लागतात. काल्हेर, कशेळी, कोन, खोणी, शेलार, पडघा, अंबाडी, जिकडे जाल तिकडे मांडव घातलेले, रात्रभर वाजंत्री, देवीच्या पालख्या, बैलांच्या शर्यती, दिव्यांच्या उजेडात क्रिकेटचे सामने. एका तालुक्यात, एकाच उन्हात, शहर रिकामं होतं आणि गावं ओसंडतात. भिवंडीचा उन्हाळा समजून घ्यायचा तर ही दोन्ही चित्रं एकत्र पाहावी लागतात. शहर म्हणजे कळकट कारखाने आणि गावं म्हणजे परंपरा अशी वाटणी करून चालत नाही, कारण दोन्हीकडचे सण एकाच अर्थव्यवस्थेच्या दोऱ्यांनी बांधलेले आहेत.

आधी जाणाऱ्यांकडे पाहू. २०११च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर महापालिकेच्या हद्दीत ७ लाख ९ हजारांहून अधिक लोक नोंदले गेले. इथले जुने रहिवासी कोकणी मुसलमान, आगरी, कोळी, कुणबी आणि व्यापारी पेठेतली घरं. १८५७च्या उठावानंतरच्या काळात उत्तरेतली मोमीन-अन्सारी विणकर कुटुंबं इथे येऊन हातमागावर बसली. तेलंगणातले पद्मशाली विणकर आले, त्यांची वस्ती म्हणजे आजचं पद्मानगर. हातमागाची जागा यंत्रमागानं घेतली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचं विणकाम मोठ्या प्रमाणावर भिवंडीच्या शेडांत आलं. संपानंतर बऱ्याच गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत, पण ते काम भिवंडीत राहिलं. माग वाढले तसे उत्तर प्रदेश, बिहारमधून एकटे येणारे तरुण वाढले. बायकामुलं गावी, स्वतः इथे. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर आडवा होणार, अशी ही राहणी.

हा माणूस मे महिन्यातच का निघतो? गंगेच्या खोऱ्यात गहू एप्रिलमध्ये कापून होतो, घरात धान्य आणि हातात थोडा पैसा येतो, आणि पाऊस पडेपर्यंत लगीनसराई चालते. बहिणीचं, पुतणीचं लग्न याच दिवसांत. मुलांच्या शाळा बंद. लंगडा आणि दसरी आंबा जूनमध्ये पिकतो. शिवाय कापडाच्या बाजारात मंदी असली तर मालकही अडवत नाही.

आणखी एक कारण आहे, ज्याबद्दल कमी बोललं जातं: मे महिन्यात शेडमध्ये उभं राहणं कठीण होतं. वर पत्रा, आत डझनावारी मोटरी, आणि खिडक्या बहुधा मिटलेल्या. बाहेरच्या माणसाला हे क्रूर वाटतं, पण त्यामागे सुताचा स्वभाव आहे. ताण्याच्या सुताला विणण्याआधी खळ चढवलेली असते. हवा कोरडी झाली की खळ चढलेलं सूत कडक होतं आणि मागाच्या झटक्यानं तुटतं. दमट हवेत ते लवचीक राहतं. पंख्याचा किंवा वाऱ्याचा झोत सुटला तर कापसाचे तंतू उडून कापडात बसतात आणि तागा डागी ठरतो. म्हणजे कापडाला जे सोसतं ते माणसाला सोसत नाही. कारागिराला पैसे मिळतात ते विणलेल्या मीटरवर, आणि एकेक जण चार-सहा-आठ माग सांभाळतो. बारा तास या धगीत धावपळ करायची, तीही कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात. असा माणूस वर्षातून एकदा गावाकडे पळतो यात नवल नाही. नवल हे की त्याची ही रजा त्याच्याच खिशातून जाते. मीटर बंद तर पैसा बंद.

इथे जगाच्या दुसऱ्या टोकाच्या कापड गावांकडे पाहायला हवं. इंग्लंडमधल्या लँकशायरमध्ये, ओल्डहॅम, ब्लॅकबर्न, बर्नली या कापडगिरण्यांच्या गावांत ‘वेक्स वीक’ नावाची प्रथा होती. मुळात तो गावच्या चर्चच्या संताचा वार्षिक उत्सव, आपल्या ग्रामदेवतेच्या जत्रेसारखा. गिरण्या आल्या तरी लोक त्या दिवसांत कामावर येईनात. शेवटी मालकांनी हार मानली आणि अख्खं गाव आठवडाभर बंद ठेवायची पद्धत पडली. बॉयलर धुवायला तोच वेळ वापरायचे. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा, त्यामुळे उन्हाळाभर कुठल्या ना कुठल्या गावची माणसं ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी लोटायची. ही रजाही बराच काळ बिनपगारीच होती. वर्षभर क्लबात पैसे साठवून लोक ती साजरी करायचे. पगारी रजेचा कायदा तिथे १९३८ मध्ये आला. फ्रान्सनं तो दोन वर्षं आधी केला होता: जून १९३६ मध्ये, मोठ्या संपांच्या लाटेनंतर, लेऑं ब्लूम यांच्या सरकारनं कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. फ्रान्समधल्या लहान गावांचा आजचा उन्हाळा, ऑगस्टमध्ये बंद दुकानं, या सगळ्याला त्या कायद्याचा पाया आहे. मोकळा वेळ ही आपोआप मिळणारी गोष्ट नाही. कुणीतरी ती मागून, भांडून मिळवलेली असते.

आपल्याकडेही कायदा झाला. १९४८च्या कारखाने अधिनियमानं वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा ठरवली. पण तो कायदा मुळात विजेवर चालणाऱ्या आणि दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणालाच लागू होता. भिवंडीतला धंदा छोट्या छोट्या शेडांत, वेगवेगळ्या नावांवर वाटलेला. हजेरीपट नाही, तिथे कामाचे दिवस मोजायचे कसे? देशाला कापड पुरवणाऱ्या या गावात विणणाऱ्याला चार दिवसांची भरपगारी रजा मिळू नये, हे मला मान्य करता येत नाही. मीटरमागे थोडी रक्कम रजेसाठी वेगळी ठेवणं हे हिशेबाला अवघड नाही.

या दरसालच्या जाण्याचं एक भीषण रूप मे २०२०ने दाखवलं. टाळेबंदीत माग थांबले, बिश्या थंडावल्या, आणि जायची वेळ तीच होती पण जाणं मनाचं नव्हतं. नाशिक महामार्गावरून माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन चालत गेली. मेच्या सुरुवातीलाच भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरकडे श्रमिक विशेष गाडी सुटली. दिवा–वसई मार्गावरचं हे एरवी दुर्लक्षित स्टेशन तेव्हा देशाच्या बातम्यांत आलं.

आता गावांकडे वळू. खाडीकाठच्या आणि कामवारी नदीच्या आसपासच्या गावांत आगरी वस्ती मोठी. इथली शेती पावसाच्या भाताची, एकाच पिकाची. कापणी दिवाळीच्या आगेमागे, त्यानंतर झोडणी, आणि मग जमीन मोकळी. उन्हाळ्यात शेतावर एकच मोठं काम, राब भाजण्याचं. रोपं टाकायच्या तुकड्यावर शेण, झाडांचे टहाळे, पालापाचोळा, गवत यांचे थर रचून वर माती पसरायची आणि पेटवायचं. त्या आचेत तणाचं बी मरतं, राखेचं खत मिळतं आणि माती भुसभुशीत होते. जूनच्या ७-८ तारखेला मृग लागला की त्यावर भाताचं बी पडतं. मेच्या संध्याकाळी टेकड्यांवरून दिसणारा धूर बहुतेक राबाचा असतो.

घरात मात्र बायकांना उसंत नाही. पावसाळ्याच्या बेगमीला इथे आगोट म्हणतात. गच्च्यांवर मिरच्या वाळत पडतात. बेडगी आणि काश्मिरी रंगासाठी, तिखट वेगळी. धणे, हळकुंडं, दगडफूल, खडा मसाला भाजून डंकावर कांडायचा आणि वर्षभराचा मसाला बरण्यांत दाबून भरायचा. तांदळाचे पापड, कुरडया, फेण्या. जवळा, करंदी, बोंबील कडकडीत वाळवून डब्यांत बंद. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, त्यामुळे पावसाळ्यातल्या कालवणाला सुकटीचाच आधार. या कामात शेजारणी पाळीपाळीनं एकमेकींच्या अंगणात बसतात. उन्हाळ्यातला सगळ्यात खरा मेळावा मला तोच वाटतो, कारण त्यात निमंत्रणपत्रिका नसते.

आणि लग्नं. शेत मोकळं म्हणून मांडवाला जागा, पाऊस नाही म्हणून पाहुण्यांना उघड्यावर झोपता येतं, घरात नवं धान्य, आषाढात चातुर्मास लागला की मुहूर्त नाहीत. त्यामुळे सगळा गर्दीचा काळ एप्रिल-मेमध्ये. आगरी लग्नाचं वैशिष्ट्य म्हणजे धवलारीण. लग्नाच्या एकेका विधीला गायचं गाणं म्हणजे धवला, आणि ते गाऊन विधी पार पाडणारी बाई म्हणजे धवलारीण. पुरोहिताचं काम एका बाईनं, बोलीभाषेतल्या गाण्यांतून करायचं, आणि सगळ्या गावानं ते मानायचं, ही प्रथा महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात फार मोलाची आहे. धवले लिहून ठेवलेले नसतात. सासूकडून सुनेकडे, मावशीकडून भाचीकडे ऐकून जातात. आज म्हाताऱ्या धवलारणी आहेत, तरुण फार थोड्या. डीजेच्या भिंतीसमोर त्यांचा आवाज पोचत नाही. कुठल्याही गावाच्या तरुणांनी या उन्हाळ्यात आपल्या धवलारणीसमोर शांत खोलीत मोबाईल ठेवून सगळे धवले क्रमानं ध्वनिमुद्रित केले, तर ते पुस्तकांच्या कपाटाएवढं काम होईल.

हळद हा खरा समारंभ. लग्नापेक्षा हळदीला माणूस जास्त, मटणाची पातेली, बेंजो, पहाटेपर्यंत नाच. या हळदीचा थाट गेल्या वीस-पंचवीस वर्षांत का वाढला, याचं उत्तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या गोदामांत आहे. राहनाळ, पूर्णा, दापोडे, वळ, मानकोली या पट्ट्यात भाताच्या खाचरांवर गोदामं उभी राहिली. मुंबई महापालिकेच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईला अगदी लागून, आणि नाशिक महामार्गाला जोडून अशी ही जागा. माल इथे उतरवायचा आणि लागेल तसा मुंबईत न्यायचा, हा हिशेब आधी होता. २०१७ मध्ये जकात गेली, पण तोवर ऑनलाइन खरेदीचा काळ आला होता आणि गोदामं वाढतच गेली. जमीन विकल्याचा पैसा एकदाच येतो. तो हळदीत, गाड्यांत, बंगल्यात दिसतो. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या काही गावांनी हळदीचा खर्च आवरायचे ठराव केले आहेत. ते पाळले जावेत असं मनापासून वाटतं, कारण भाड्यानं दिलेल्या जमिनीचं उत्पन्न चालू राहतं, विकलेल्या जमिनीचं नाही.

गोदामांच्या मधल्या मोकळ्या मैदानांवर क्रिकेट असतं. टेनिस बॉलचे हे रात्रीचे सामने, कुणाच्या तरी नावाच्या चषकासाठी, यूट्यूबवर थेट दाखवले जातात, आणि मालिकावीराला दुचाकी मिळते. या खेळाडूंची नावं ठाणे-रायगडच्या गावागावांत पोरांना पाठ असतात. दुसरा जोरदार खेळ बैलांच्या शर्यतीचा. इकडे छकडा जुंपून पळवतात, आणि दोन जोड्यांच्या थेट सामन्याला बिनजोड म्हणतात. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं या शर्यती थांबल्या. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३च्या घटनापीठाच्या निकालानं राज्याचा कायदा कायम राहिला. काठीनं मारणं, शेपटी पिरगाळणं यांवर बंदी आहे. जिथे आयोजक ती कटाक्षानं पाळतात तिथे बैल बघायला मजा येते. जिथे पाळत नाहीत तिथे थांबूही नये.

तालुक्यातली सगळ्यात मोठी जत्रा वज्रेश्वरीची. अंबाडीच्या पुढे, तानसा नदीच्या काठी, पूर्वी वडवली म्हणत त्या गावात हे देऊळ आहे. वसईच्या किल्ल्याला चिमाजी अप्पांचा वेढा पडला होता. किल्ला हाती आला तर देवीचं देऊळ बांधीन, असा नवस त्यांनी केल्याचं सांगतात. १७३९च्या मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली आणि देऊळ उभं राहिलं. म्हणूनच ते देवळापेक्षा गढीसारखं दिसतं: दगडी तट, वर नगारखाना, आणि चढायला बावन्न पायऱ्या. दीपमाळ बडोद्याच्या गायकवाडांनी बांधल्याचं सांगतात. जत्रा सुरू होते चैत्र वद्य चतुर्दशीला, अमावास्येला मुख्य पूजा, आणि वैशाख शुद्ध प्रतिपदेच्या रात्री पालखी निघते. आदिवासी पाड्यांवरची, आगरी गावांतली, वसईकडची माणसं येतात. पाळणे, बांगड्या, मिठाईची दुकानं, रस्त्याच्या कडेला करवंदं आणि ताडगोळे घेऊन बसलेल्या वारली-कातकरी बाया.

जवळच अकलोली आणि गणेशपुरी इथे गरम पाण्याची कुंडं आहेत. भर उन्हाळ्यात लोक गरम पाण्यात उतरतात हे पाहून पाहुणे चकित होतात. हे पाणी म्हणजे दैत्यांचं रक्त अशी कथा आहे, आणि डोंगर ज्वालामुखीचा असल्याचंही लोक सांगतात. दख्खनचा काळा खडक लाव्हाचा आहे हे खरं, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची उष्णता केव्हाच निवाली. आजचं पाणी तापतं ते खोलीमुळे. पावसाचं पाणी खडकातल्या लांबलचक भेगांतून खूप खाली झिरपतं. जमिनीत दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढतं. तापलेलं पाणी हलकं होऊन दुसऱ्या भेगेनं वेगात वर येतं, निवायच्या आत. सह्याद्रीच्या पायथ्याशी अशा भेगांची माळच आहे, म्हणून पालघरपासून रत्नागिरीतल्या उन्हवरे, तुरळ, राजापूरपर्यंत गरम झरे सापडतात. गणेशपुरीत नित्यानंद स्वामी राहिले, ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी तिथेच देह ठेवला, आणि त्यामुळे या झऱ्यांवर परदेशातूनही लोक येऊ लागले.

वज्रेश्वरीची जत्रा कधी एप्रिलच्या मध्यात, कधी मेच्या पूर्वार्धात येते, पण उन्हाळा सोडत नाही. चैत्र अमावास्या २०२४ मध्ये ८ मेला होती, २०२५ मध्ये २७ एप्रिलला, २०२६ मध्ये १७ एप्रिलला. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्षाहून अकरा दिवसांनी लहान, म्हणून ती दरसाल मागे सरकते. पण २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आला, की पुढच्या वर्षीची अमावास्या पुन्हा मे महिन्यात जाते. अधिक महिना हे आपल्या पंचांगाचं टाचण आहे. ऋतू निसटू नये म्हणून घातलेलं. इस्लामी वर्षही याच चंद्रावर चालतं, फक्त त्यात अधिक महिना नाही. म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि साधारण तेहेतीस वर्षांनी त्याच ऋतूत परत येतो.

भिवंडीसाठी हा निव्वळ गणिताचा भाग नाही. २०१६ ते २०१९ या काळात रमजान मे-जूनमध्ये होता: पहाटे साडेचारपासून संध्याकाळी सातपर्यंत पाण्याचा घोट नाही, आणि तो रोजा मागाशेजारी उभं राहून. कित्येक मालक त्या दिवसांत पाळ्यांच्या वेळा बदलतात. सूर्य बुडाला की निजामपुरा, तीनबत्तीचा परिसर उजळतो. खजूर, फेणी, खजला, मालपुवे, फालुदा, आणि पहाटेच्या सहरीपर्यंत न हटणारी गर्दी. त्यात सगळ्या धर्मांचे खवय्ये असतात. २०२२ मध्ये तर दोन्ही पंचांगं एकमेकांना भिडली. ३ मे रोजी अक्षय्य तृतीया आणि रमजान ईद एकाच दिवशी आल्या. वज्रेश्वरीच्या पालखीची प्रतिपदा त्याआधी दोन दिवस होऊन गेलेली. ज्या चंद्रकोरीकडे पाहून ईद ठरली ती वैशाखाचीच कोर होती. असा योग आदल्या वर्षीही, १४ मे २०२१ रोजी, आला होता.

या गावानं वैशाखाचे फार वाईट दिवसही पाहिले आहेत, ते वगळून सणांबद्दल लिहिणं खोटं ठरेल. पूर्वी शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला होत असे. ७ मे १९७० रोजी तिच्या मिरवणुकीतून दंगल भडकली आणि जळगाव, महाडपर्यंत पसरली. चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमला गेला. १९८४ची दंगलही मे महिन्यातलीच. दोन्ही वेळा माणसं मेली, माग जळाले, घरं गेली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांची कल्पना साधी होती: दंगल झाल्यावर शांतता समिती बोलवायची नाही, एरवीच, महिनोन्‌महिने, त्या भागातल्या हवालदारासह दोन्ही बाजूंच्या साध्या माणसांनी बसायचं. पुढाऱ्यांनी नव्हे, तर रिक्षावाला, मागवाला, दुकानदार यांनी. बोलायचं नळाबद्दल, गटाराबद्दल, शेजारच्या भांडणाबद्दल. मिरवणुकीचा रस्ता आणि वेळ ही त्याच माणसांनी ठरवायची. ज्यांनी वर्षभर एकमेकांच्या नळाचं भांडण सोडवलं त्यांना मिरवणुकीच्या दिवशी अफवा विकता येत नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. महाराष्ट्राच्या प्रशासनात इतकं शिकण्यासारखं उदाहरण विरळा आहे, आणि ते जिवंत ठेवायचं तर समित्यांच्या बैठका कंटाळवाण्या असतानाच भरवाव्या लागतात.

लँकशायरमध्ये गिरणीची सुट्टी आणि गावची जत्रा एकच होती, कारण मागावरचा माणूस त्याच गावचा होता. भिवंडीत माग थांबवून निघणारा जातो तो दुसऱ्याच मुलखातल्या लग्नाला, आणि इथली जत्रा भरते ती माग न चालवणाऱ्यांनी. त्यामुळे इथे सणांची भेट आपोआप होत नाही, ती ठरवून घडवावी लागते.

तालुक्यात तिसरीही एक मंडळी आहे, जिच्या वाट्याला उन्हाळ्यात ना गाव येतं ना जत्रा. कातकरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास वीटभट्टीच्या मालकाकडून बयाणा उचलतात आणि मुलाबाळांसह भट्टीवर राहायला जातात. आठवड्याला बाजारापुरती खर्ची मिळते. माती मळणं, साचे भरणं, भट्टी लावणं, सगळं ऐन उन्हात, कारण कच्ची वीट वाळायला हेच ऊन लागतं. पहिला पाऊस आला की भट्टी बंद, मग हिशेब. किती विटा पाडल्या, किती खर्ची गेली, बयाणा फिटला की काही अंगावर राहिला. अंगावर राहिला तर पुढच्या दिवाळीला तीच भट्टी. वेठबिगारी १९७६च्या कायद्यानं बंद झाली आहे, आणि याच परिसरात विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेनं १९८०च्या दशकापासून त्यासाठी लढे दिले. हिशेबाची वही त्या कुटुंबाला वाचून दाखवली जाते का, त्यांच्या शाळकरी मुलानं बेरीज तपासली का, यावर त्यांचा पावसाळा ठरतो. मृगाच्या आठवड्यात ते डोक्यावर भांडी घेऊन पाड्याकडे चालू लागतात, आणि त्याच आठवड्यात उत्तरेकडून भरून आलेल्या गाड्यांतून माग चालवणारे कल्याणला उतरून भिवंडीची रिक्षा पकडतात.